तलवारीकडून तंबोऱ्याकडे : मिरजेचे फरीदसाहेब

पालकहो, मुलांना तंबोरा दाखवाल तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेबांबद्दल नक्की सांगा. ते शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घरातले. लढाया संपल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग घर चालायचं कसं? हात कसबी होता आणि मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तोही कडूच! तो वाळवायचा, कापायचा, पोकळ करायचा, मग लाकडी दांडी जोडायची. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडी कानशीने इतकी अलगद घासायची की तार गुंजली पाहिजे. धार लावणाऱ्या हाताला हे जमलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्यांच्या वंशजांनी सतारमेकर हेच आडनाव लावलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.