हाडांच्या ढिगात सापडलेला विद्यार्थी

स्पेनमधल्या आयेर्बे नावाच्या गावात १८६३ च्या सुमारास अकरा वर्षांच्या एका पोराने ओंडका पोखरून तोफ बनवली. आत दारू आणि दगड ठासले आणि शेजाऱ्याच्या बागेच्या फाटकावर डागली. फाटकाच्या चिंधड्या झाल्या आणि पोराची रवानगी काही दिवस कोठडीत झाली. या पोराचे नाव सांतियागो रामोन इ काहाल. मेंदूच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातल्याबद्दल १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या त्रेचाळीस वर्षांत काय घडले, हे दहावी-बारावीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या घरांनी जरूर जाणून घ्यावे.

वडील हुस्तो हे गरिबीतून वर आलेले शल्यवैद्य. मुलाने डॉक्टर व्हावे हा त्यांचा हट्ट, आणि मुलाला चित्रांचे वेड. दिसेल त्या भिंतीवर तो रेघोट्या ओढी. शेवटी वडिलांनी देवळाच्या भिंती रंगवायला आलेल्या एका गवंड्याला त्याचे चित्र दाखवून निवाडा मागितला. पोराच्या हातात कला नाही, असे त्याने ठरवले आणि रंग-कागद घरातून हद्दपार झाले. हाका नावाच्या गावी धर्मगुरूंच्या शाळेत लॅटिन घोकायचे, विसरले की चाबूक खायचा आणि उपाशीपोटी वर्गात कोंडून घ्यायचे, असा शिक्षणक्रम होता. पोर आणखीच बिथरले. मग कधी न्हाव्याच्या, कधी चांभाराच्या हाताखाली ठेवून झाले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर ‘वाया गेलेला’ हा शिक्का पक्का बसला होता.

१८६८ च्या उन्हाळ्यात मात्र वडिलांनी वेगळाच मार्ग धरला. सांतियागो तेव्हा सोळा वर्षांचा होता. रात्री चांदण्यात बापलेक पडीक दफनभूमीची भिंत चढून आत उतरले आणि उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून घरी आले. प्रत्येक हाड हातात घ्यायचे, उलटेसुलटे पाहायचे, त्याची खाच, त्याचा उंचवटा कशासाठी आहे ते समजून घ्यायचे आणि मग काढायचे. जे चित्र आजवर गुन्हा होते, तेच आता अभ्यास झाले. घोकून एक ओळ पाठ न होणाऱ्या या मुलाला अवघा सांगाडा तोंडपाठ झाला. मला कादंबरीकार म्हणून या प्रसंगाचा हेवा वाटतो. असा प्रसंग कल्पनेने सुचत नाही.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करायला हवे. १८७३ मध्ये काहाल सारागोसा येथे डॉक्टर झाले, लष्करी वैद्य म्हणून क्यूबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले. साठवलेल्या पगारातून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. १८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या गोल्जी यांच्या पद्धतीने चांदीच्या क्षाराने रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. या पद्धतीत हजारोंतल्या मोजक्याच पेशी काळ्याभोर उमटतात, पण मुळांपासून शेंड्यापर्यंत पूर्ण. अडचण अशी की, प्रौढ मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन चढलेले असते आणि तिथे हा रंग नीट बसत नाही. काहाल यांनी पक्ष्यांचे भ्रूण आणि कोवळी पिल्ले घेतली. घराच्या वायरी कुठून कुठे जातात हे पाहायचे, तर गिलावा होण्याआधी जावे, तसेच हे. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांना दिसले की, मेंदू म्हणजे सलग जाळे नसून प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते आणि दुसरीला केवळ भिडते. गंमत म्हणजे सलग जाळ्याचे कट्टर समर्थक गोल्जी हेच १९०६ च्या पारितोषिकाचे वाटेकरी होते, आणि समारंभातल्या व्याख्यानात त्यांनी काहाल यांच्याच सिद्धान्तावर टीका केली!

पेशी सुट्या असतील तर त्यांच्यातले दुवे वाढू शकतात. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे काहाल यांनी हाच तर्क मांडला, की बुद्धीच्या व्यायामाने पेशींच्या फांद्या फुटत असाव्यात. पुढे १९१३-१४ च्या ग्रंथात मात्र प्रौढ मेंदूतले तुटलेले मार्ग पुन्हा उगवत नाहीत, असे त्यांनी लिहिले. त्यावरून मोठ्या माणसाला नवे काही शिकवणे व्यर्थ, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. तुटलेले जोडणे वेगळे आणि शाबूत मेंदूने नवे शिकणे वेगळे. २००० साली लंडनमध्ये हजारो गल्ल्या पाठ करणाऱ्या टॅक्सीचालकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा स्थळांची स्मृती राखणारा भाग मागच्या बाजूने मोठा आढळला. आणि पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, असे आता दिसून आले आहे. म्हणजे तोफ डागणाऱ्या पोराचाच काय, हाडे काढणाऱ्या सोळा वर्षांच्या सांतियागोचाही मेंदू अजून बांधून व्हायचा होता. अशा वयात मुलाचा कायमचा निकाल लावणे हे मला घाईचे वाटते.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याजवळ आधीचे पुष्कळ काही असते, त्याला नवे बांधावे लागते. बँकेत संगणक आले तेव्हा मी हे जवळून पाहिले. पंचविशीतले प्रशिक्षक भराभर कळा दाबून दाखवत आणि पन्नाशीचे लेजर-क्लार्क घामाघूम होत. एका बाईंनी पडद्यावरचा रकाना जुन्या खतावणीतल्या रकान्याशेजारी ठेवून समजावला आणि तेच क्लार्क आठवड्यात सरावले. हुस्तो यांनी हाडे घेऊन जे केले, त्याचाच हा प्रकार.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला वारले, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या हातची हजारो रेखाटने मागे राहिली. वैद्यकाच्या पुस्तकांत ती अजून छापली जातात, आणि २०१७ पासून अमेरिकेतल्या कलादालनांतही ती भिंतीवर लागली.