मेजर रॉबर्ट गिल आणि आपल्या कलेचा इतिहास

खानदेशात मेजर रॉबर्ट गिल हे नाव बहुतेकांच्या कानी आहे. परंतु ते आले आहे पारोच्या कथेतून, कवी ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्यातून आणि त्यावरील चित्रपटातून. त्या कथेपुढे गिल यांचे कार्य मागे पडले. राष्ट्राच्या कलेचा इतिहास कसा अभ्यासावा, याचा विचार करताना मात्र आम्हांस ते कार्यच अधिक मोलाचे वाटते.

गिल यांचा जन्म १८०४ साली लंडन येथे झाला. तरुणपणीच ते मद्रासच्या सैन्यात दाखल झाले. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली होती. पुढे १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि तेथील चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घेण्याचा आग्रह धरला. त्यातून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम गिल यांच्यावर सोपविले. तेव्हा ते चाळिशीचे होते.

अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले. लेण्यांत अंधार, छताला वटवाघळे आणि भोवती श्वापदांनी भरलेले रान. अशा ठिकाणी भिंतीवरील चित्रे कॅनव्हासवर तैलरंगांत उतरविण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. सुमारे ३० नकला विलायतेस गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली व त्यांतील बहुतेक जळाल्या. साठी ओलांडलेल्या माणसाच्या दोन दशकांच्या परिश्रमाची राख झाली. दरम्यान त्यांनी छायाचित्रणही आत्मसात केले होते. त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती.

गिल यांची वाट डोळ्याची आणि हाताची होती. समोर जे आहे ते निरखावे आणि तसेच उतरवावे. फर्ग्युसन यांची वाट तुलनेची. स्तंभ, कमानी व छत यांची घडण ताडून त्यांनी लेण्यांचा कालक्रम लावला. त्याच काळात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तिसरी वाट धरली, ती शिलालेखांची. अजिंठ्याचे लेख वाचून त्यांनी वाकाटक राजवंशाची नावे पुढे आणली. पुढील विद्वानांनी या वाचनात सुधारणा केल्या. आज सोळावे लेणे हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याचे आणि सव्विसावे भिक्खू बुद्धभद्र यांचे दान असल्याचे आपण सांगू शकतो, ते या लेखांमुळेच. चौथी वाट कथेची आहे. दहाव्या लेण्यातील सहा दातांचा हत्ती कोण, हे छद्दंत जातक ठाऊक असणाऱ्यासच उमगते.

यांपैकी कोणतीही एक वाट पुरेशी नाही. घडणीवरून दात्याचे नाव कळत नाही, शिलालेखातून रंग दिसत नाहीत आणि नुसत्या नकलेतून धम्माचा आशय समजत नाही. शिवाय अभ्यासाचा भार मूळ कृतीवरही पडतो. नकला करणाऱ्यांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून वेळोवेळी वार्निश लावले. पुढे तेच पिवळे पडून चित्रांना बाधले. ज्या चित्रांच्या रक्षणासाठी नकलांचा खटाटोप झाला, त्यांनाच त्याची झळ पोहोचली. विलायतेतील नकला जळाल्या. मूळ भिंती मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांचे जतन हाच या अभ्यासाचा पाया होय.

एप्रिल १८७९ मध्ये गिल आजारी पडले आणि भुसावळकडे नेत असता त्यांचे निधन झाले. भुसावळ येथेच त्यांची कबर आहे, आपल्या असोद्यापासून फार दूर नाही. ते बौद्ध नव्हते, या भूमीचेही नव्हते; तरीही आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बोधिसत्त्वांच्या चित्रांसमोर वेचला. अजिंठा तर आपल्या उंबरठ्यावर आहे. तेथे सहल नेताना मुलांना एका चित्रापुढे थोडा वेळ स्वस्थ बसवावे, त्यातील जातककथा सांगावी, शिलालेख दाखवावा आणि भिंतीस हात न लावण्याचे कारणही समजवावे, अशी माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची नम्र विनंती आहे. मेजर गिल यांना याहून योग्य अभिवादन आम्हांस सुचत नाही.