आईची शिदोरी आणि पॉल एर्लिख

बांधावरचा एरंड आणि सोनाराच्या काट्यात पूर्वी वजन म्हणून पडणारी गुंज ही दोन्ही बिया करकंबसारख्या गावातील जुन्या माणसांच्या ओळखीची. आईची प्रतिकारशक्ती बाळापर्यंत कशी पोहोचते, हे कोडे याच दोन बियांमधील विषांच्या मदतीने उलगडले. ते उलगडणारे संशोधक म्हणजे पॉल एर्लिख.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील श्ट्रेलेन येथे झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. विद्यार्थी असतानाच त्यांना रंगांचे वेड लागले. रक्तपेशी रंगवून त्यांचे प्रकार ओळखण्याची रीत त्यांनीच बसवली. पुढे त्यांना क्षयाने गाठले आणि ते हवापालटासाठी पत्नीसह इजिप्तला गेले. बरे होऊन परतल्यावर रॉबर्ट कॉख यांनी त्यांना बर्लिनमधील आपल्या संस्थेत काम दिले.

एर्लिख यांनी उंदरांना एरंडाच्या बीतील रिसिन आणि गुंजेतील अ‍ॅब्रिन अगदी थोड्या, पण वाढत्या मात्रेत दिले. हळूहळू उंदरांना ते बाधेनासे झाले. अशा मादीची पिल्ले विषातून वाचत. केवळ बाप तसा असेल तर मात्र मरत. म्हणजे हा गुण वंशपरंपरेने येत नव्हता. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्ले संरक्षित मादीच्या दुधावर वाढवली, तेव्हा तीही वाचली. मात्र काही आठवड्यांत हे संरक्षण ओसरले. स्वतः कमावलेली प्रतिकारशक्ती टिकते, आयती मिळालेली सरते, हा फरक १८९२ मध्ये त्यांनी मांडला.

घटसर्पावरील सीरमची ताकद मोजण्याची पद्धतही त्यांचीच. १९०८ मध्ये मेचनिकॉव्ह यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपदंशावरील सॅल्व्हर्सान हे औषध १९१० मध्ये बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसात ही शिदोरी मुख्यतः वारेतून, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या रक्तात येते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती कमी मिळते. पहिल्या चिकाच्या दुधातील प्रतिपिंडे आतड्यात पहारा देतात. गरोदर आईला धनुर्वाताची लस देतात, ती तिच्याबरोबर बाळासाठीही.

पण आईची हीच प्रतिपिंडे गोवराची लस लवकर दिल्यास तिचा परिणाम कमी करतात. त्यामुळे आपल्याकडे पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. आईने दिलेले संपत आलेले असते आणि बाळाने स्वतःचे कमवायचे असते, तो हा काळ. म्हणूनच लसीकरणाच्या कार्डावरची तारीख पुढे ढकलू नये.