सर वॉल्टर स्कॉट आणि किल्ट

विख्यात कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचा जन्म १७७१ सालीं एडिंबरो शहरीं झाला. शैशवींच एक पाय अधू झाला असतांहि जुन्या कथा व गाणीं गोळा करीत ते स्कॉटलंडभर हिंडले.

तेथील डोंगरी मुलखांत केल्टिक कुळांतली गेलिक भाषा बोलणारे लोक राहत. १६ व्या शतकाच्या अखेरीस ते घोंगडीएवढें लोकरी वस्त्र चुण्या घालून कमरेस बांधीत. त्याच्याच खालच्या भागापासून १८ व्या शतकांत गुडघ्यापर्यंतचा किल्ट निघाला. म्हणजे भाषा प्राचीन, वस्त्र मात्र अर्वाचीन. बंडानंतर १७४६ च्या कायद्यानें सैनिकांखेरीज इतर पुरुषांस हा वेष निषिद्ध झाला. ती बंदी १७८२ सालीं उठली.

१८२२ सालीं राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. स्वागताची योजना स्कॉट यांनीं आंखली. राजाहि किल्ट नेसला, आणि डोंगरी वेष राष्ट्राचा वेष झाला. परंतु त्याच काळांत जमीनदार मेंढ्यांच्या कुरणांसाठीं डोंगरी कुळांस घरांतून हुसकीत होते.

पुढें १८२६ सालीं अंगावर आलेलें प्रचंड कर्ज लेखणीनें फेडीत असतां १८३२ सालीं स्कॉट निवर्तले. त्यांच्या सचोटीस आम्ही वंदन करितों. पण वेषाचा गौरव करितांना तो नेसणाऱ्यांची उपेक्षा होऊं नये, हेंहि आम्हीं विसरूं नये.