रॉबर्ट ब्रूस फूट

रॉबर्ट ब्रूस फूट (जन्म : चेल्टनहॅम, इंग्लंड, २२ सप्टेंबर १८३४, मृत्यू : कलकत्ता, २९ डिसेंबर १९१२) हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील ब्रिटिश भूवैज्ञानिक होते. भारतात पुराश्मयुगीन हत्यारे प्रथम ओळखल्यामुळे त्यांना भारतीय प्रागितिहासाचे जनक मानले जाते. ही ओळख इतकी रूढ झाली आहे की, ज्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती ते खडकांच्या व खनिजांच्या सर्वेक्षणाचे काम सर्वसाधारण वाचकाच्या नजरेआड जाते. बेळगाव, कलादगी आणि धारवाड या भागांतील प्राचीन खडकांचा क्रम लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘कलादगी’ आणि ‘धारवाड’ ही खडकसंघांची नावे त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा आणि फोंडा या परिसरांतील प्राचीन वालुकाश्मांना आज कलादगी संघाचे म्हटले जाते, ते याच नामकरणामुळे.

सुरुवातीचा काळ

१८५८ साली फूट सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. संस्थेचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम होते. फूट यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली आणि पुढील तेहतीस वर्षे त्यांनी मुख्यतः दक्षिण भारतातच काम केले. १८६२ मध्ये त्यांचा विवाह तमिळ भाषेचे अभ्यासक पीटर पर्सिव्हल यांच्या कन्येशी झाला. १८७० मध्ये पहिल्या पत्नीचे निधन झाले आणि चार वर्षांनी त्यांनी दुसरा विवाह केला.

पल्लावरमचा शोध

१८५९ मध्ये फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या अस्थींसोबत मिळालेली दगडी हत्यारे मानवनिर्मितच आहेत, हे इंग्लंडमधील भूवैज्ञानिकांनी मान्य केले. मानवाचे अस्तित्व काही हजार वर्षांपुरतेच आहे, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. ही चर्चा फूट यांच्यापर्यंत पोहोचली होती. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीत त्यांना क्वार्टझाइटचा एक घडवलेला दगड मिळाला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला सहकारी विल्यम किंग यांच्यासह अत्तिरमपक्कम येथे त्यांना अशी हत्यारे मोठ्या संख्येने सापडली.

या शोधाचे महत्त्व केवळ दगड सापडण्यात नव्हते. हत्यारे जमिनीवर विखुरलेली असती, तर ती केव्हाची हे सांगता आले नसते. ती खडीच्या थराच्या आत होती आणि तो थर कसा व केव्हा साचला असेल याचा विचार करणे हे भूवैज्ञानिकाचे रोजचेच काम होते. हत्यारांच्या प्राचीनतेबद्दलचा फूट यांचा युक्तिवाद दगडाच्या आकारापेक्षा थरावर अधिक आधारलेला आहे, आणि म्हणूनच तो टिकला.

दक्षिण मराठा मुलखातील सर्वेक्षण

फूट यांच्या भूवैज्ञानिक कामाचा गाभा म्हणजे १८७६ मध्ये सर्वेक्षण संस्थेच्या स्मृतिग्रंथमालेच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झालेले दक्षिण मराठा मुलूख व लगतच्या जिल्ह्यांच्या भूरचनेचे वर्णन. सह्याद्रीच्या पूर्वेकडील बेळगाव, धारवाड आणि तत्कालीन कलादगी जिल्हा हे त्याचे मुख्य क्षेत्र होते. हिवाळ्यात तंबू व बैलगाड्या घेऊन बाहेर पडायचे, नदीचे काठ, घाट, विहिरी आणि दगडांच्या खाणी पाहत नकाशा भरायचा आणि पावसाळ्यात मुख्य ठाण्यावर परतून लिहायचे, अशी त्या काळच्या सर्वेक्षकांची पद्धत होती.

या भागातला गुंता असा होता : सर्वांत खाली पट्टिताश्म आणि घड्या पडलेले प्राचीन सुभाजा खडक, त्यांची झीज होऊन सपाट झालेल्या पृष्ठावर साचलेले वालुकाश्म, क्वार्टझाइट, शेल व चुनखडक, त्यावर दक्षिण ट्रॅपचे लाव्हाथर, आणि सर्वांत वर, ठिकठिकाणी, जांभा. मधल्या गटाला फूट यांनी कलादगी गावावरून नाव दिले. घटप्रभा नदी गोकाक येथे ज्या उभ्या कड्यावरून कोसळते तो कडा याच खडकांचा आहे. या खडकांत त्या काळी जीवाश्म मिळाले नव्हते. त्यामुळे वय ठरवण्यास साधन नव्हते आणि खालच्या-वरच्या खडकांशी असलेले नाते हाच एकमेव आधार होता. लाव्हा त्यांच्यावर पसरला आहे, म्हणजे ते लाव्ह्याहून जुने. घडीचे खडक त्यांच्याखाली झिजलेल्या अवस्थेत आहेत, म्हणजे ते त्यांहून नवे. आज कलादगी खडकांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आणि ट्रॅपचे सुमारे ६.६ कोटी वर्षे मानले जाते. फूट यांना हे आकडे ठाऊक असणे शक्य नव्हते, तरी त्यांनी लावलेला क्रम बरोबर होता.

सर्वच तपशील टिकले असे नाही. बदामीच्या लेण्यांचा वालुकाश्म त्यांनी कलादगी खडकांच्या एकाच सलग मालिकेत धरला होता. पुढच्या संशोधकांना मध्ये झीज झाल्याचा पुरावा मिळाला आणि संघाचे बागलकोट व बदामी असे दोन गट पाडण्यात आले.

हेच खडक लाव्ह्याखालून सह्याद्रीच्या पश्चिमेसही जातात. दक्षिण कोकणच्या भूरचनेचा संक्षिप्त आढावा सी. जे. विल्किन्सन यांनी १८७१ मध्येच प्रसिद्ध केला होता. कोकणात पाऊस, नद्या आणि समुद्र यांनी लाव्हाथर कापून काढले आहेत. त्यामुळे सिंधुदुर्गात ट्रॅपच्या खालचे जग उघडे पडलेले दिसते. आचऱ्याच्या आसपास सड्यांवर जांभा आहे, तर वरचे थर निघून गेलेल्या ठिकाणी कलादगी संघाचे खडक दिसतात. कणकवली तालुक्यात कासार्डे येथे निघणारी सिलिका वाळू याच संघातील खडकांची आहे. रेडीचे लोहखनिज मात्र त्यांहून जुन्या, धारवाड प्रकारच्या खडकांत सापडते. घाटावर फूट यांनी आखलेली ही विभागणी जिल्ह्याच्या खनिज नकाशातही उपयोगी पडते.

याच सर्वेक्षणात गोकाकजवळ एका नाल्याच्या काठी त्यांना गेंड्याचे जीवाश्म मिळाले. ती नवी जात असल्याचे त्यांनी १८७४ मध्ये जाहीर केले आणि दख्खनवरून तिला ‘डेक्कनेन्सिस’ हे नाव दिले. मलप्रभेच्या खोऱ्यात, विशेषतः ख्याड येथे, त्यांना पुराश्मयुगीन हत्यारेही मिळाली.

सोन्याचा शोध

डंबळ व कप्पतगुड्ड या डोंगरांतील (आताचा गदग जिल्हा) ओढ्यांच्या वाळूत सोने मिळते, हे स्थानिक लोकांना पूर्वीपासून माहीत होते. वाळू धुऊन सोने काढणाऱ्यांना तेथे जालगार म्हणत. फूट यांनी या भागाची पाहणी करून १८७४ मध्ये अहवाल दिला. त्यांनी जालगारांकडून वाळू धुऊन घेतली, सोन्याचा संबंध सोरटूर परिसरातील विशिष्ट खडकपट्ट्याशी जोडला आणि हाती येणारे सोने अत्यल्प असल्याचे नोंदवले. खाणीत पैसा गुंतवण्यास हा अहवाल उत्तेजन देणारा नव्हता. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गदग भागात कंपन्यांनी खाणी खोदल्या. त्यांपैकी कबुलायतकट्टीची खाण सांगली संस्थानाच्या नावाने ओळखली जाई. काही वर्षांतच हे उद्योग बंद पडले.

सोने कोठे शोधू नये, हे सांगण्याइतकेच ते कोठे शोधावे हे सांगणेही महत्त्वाचे होते. म्हैसूर, बळ्ळारी आणि धारवाड येथील घडीचे सुभाजा खडक एकाच संघाचे पट्टे आहेत आणि दक्षिणेतील सोने मुख्यतः त्यांतच आहे, हे फूट यांनी ओळखले. १८८६ ते १८८९ या काळातील लेखांतून त्यांनी धारवाड संघाची मांडणी केली. कोलारच्या खाणी तेव्हा नुकत्याच भरभराटीस येत होत्या. या मांडणीमुळे सोन्याच्या शोधाचे क्षेत्र अफाट पठारावरून मोजक्या पट्ट्यांवर आले. घोरपडे घराण्याच्या संडूर संस्थानातील समृद्ध लोहखनिजाचे वर्णन त्यांच्या बळ्ळारी जिल्ह्यावरील ग्रंथात (१८९५) आहे.

निवृत्तीनंतर

१८९१ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर फूट यांनी बडोदे संस्थानासाठी काम केले. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत झालेल्या या सर्वेक्षणाचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. साबरमतीच्या काठी पुराश्मयुगीन हत्यारांचा थर आणि वरची नवाश्मयुगीन ठिकाणे यांच्यामध्ये गाळाचे प्रचंड थर पाहून, या दोन युगांत मोठा खंड पडला असावा, असे मत त्यांनी मांडले. म्हैसूर संस्थानाच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या भूवैज्ञानिक खात्याची प्रारंभीची उभारणीही त्यांच्याकडे होती.

त्यांचा हत्यारांचा व प्राचीन मृद्भांड्यांचा संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने घेतला. येरकाड येथील घरी त्यांनी या संग्रहाची तपशीलवार सूची तयार केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९१४ व १९१६ मध्ये दोन भागांत प्रकाशित झाली. कोणती वस्तू कोठे मिळाली याची नोंद ठेवण्याच्या त्यांच्या शिस्तीमुळे पुढील अभ्यासकांना त्या जागी परत जाता आले. मलप्रभा खोऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे रा. वि. जोशी यांनी पुन्हा संशोधन केले. त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्तिरमपक्कम येथे शांती पप्पू व सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननातील सर्वांत जुन्या हत्यारांचे वय २०११ मध्ये सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे जाहीर झाले.