शेतकऱ्याच्या हाती पाना देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

जयंती विशेष

मृगाचा पाऊस पडून गेला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांत एक ओळखीचा आवाज येऊ लागतो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं जुनं डिझेल इंजिन कुणीतरी हॅन्डल मारून बघत असतं. पहिल्या दोन-तीन वेळा ते नुसतं फुसफुसतं, काळा धूर सोडतं आणि मग ठक-ठक करत चालू होतं. कुठे चिंचेखाली उभा असलेला तीस-चाळीस वर्षांचा छोटा ट्रॅक्टर पेरणीसाठी पुन्हा उभा केला जात असतो. वडिलांनी घेतलेला, हप्ते फेडलेला, म्हणून भंगारात घालायला जीव होत नाही.

हे जुनं यंत्र घरच्या घरी खोलून, पुसून, जोडून परत चालवण्याची जी सवय आपल्या शेतकऱ्याला लागली, तिच्या मुळाशी एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. २० जून ही त्यांची जयंती. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, म्हणजेच लकाकि. त्यांचा कारखाना सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा पहिला नांगर कुणी घ्यायला तयार नव्हतं, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात आहे.

रंग ओळखता आले नाहीत

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. वडिलांचा विरोध होता. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरकच कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? पण त्यांनी गाशा गुंडाळला नाही. रंग सोडले आणि जिथे रंग लागत नाहीत ते यंत्रांचं रेखाटन धरलं. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. शिकवून झालं की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये शिरत. लेथ कसा चालतो, ओतकाम कसं होतं, पट्टा कसा चढवतात, हे सगळं हात काळे करून शिकले. यंत्रविद्येची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

सायकलीपासून सुरुवात

त्या काळी सायकल ही मोठ्या लोकांची चैन होती. दोघा भावांनी बेळगावात सायकली विकायचा आणि दुरुस्तीचा धंदा काढला. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची मानतात ती यामुळेच. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवत, रामूअण्णा बेळगावात विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत.

पुढे नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला वर घेतलं गेलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. नुसत्या दुकानदारीत त्यांचं मन भरणारं नव्हतं. छोटं वर्कशॉप टाकलं. पहिली वस्तू काढली ती कडबा कापायचं यंत्र. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला या यंत्राची किंमत सांगावी लागत नाही. अख्खा कडबा टाकला की निम्मा पायदळी जातो, कुट्टी करून टाकली की तेवढ्याच वैरणीत जास्त दिवस निघतात. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखात तर जनावर जगवायचं की बाजारात न्यायचं, हे कधीकधी एवढ्यावरच ठरतं.

नांगर आला, गिऱ्हाईक येईना

मग त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती उलथवत नाही. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या खालीच राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतात. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ उलटं टाकतो, मुळ्या उन्हात पडतात आणि वाळतात. परदेशी नांगर तेव्हा मिळत होते, पण ते महाग, आणि मोडले तर सुटा भाग कुठून आणायचा हा प्रश्न.

लक्ष्मणरावांनी आपल्या जमिनीला आणि आपल्या बैलांना झेपेल असा नांगर घडवला. पण तो शेतकऱ्यांना पसंत पडेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत घट्ट बसलेली होती. तयार नांगर वर्कशॉपमध्ये पडून राहिले आणि ते खपायला दोन वर्षं गेली. भांडवल अडकलेलं, देणी वाढत चाललेली, अशी ती दोन वर्षं होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ज्याचं वर्षाचं पोट एका पेरणीवर आहे, तो नव्या अवजाराला घाबरणारच. रानात नांगर चालवून दाखवायचा, पीक दाखवायचं, तक्रार आली तर ऐकून सुधारणा करायची, हाच मार्ग होता. नांगराचा जमिनीत घासणारा भाग म्हणजे फाळ. तो झिजणारच. म्हणून झिजला की तेवढाच बदलता आला पाहिजे, आणि नवा फाळ जुन्या नांगराला बरोबर बसला पाहिजे. एक नट, दोन बोल्ट, हातात एक पाना, की काम झालं. आज हे साधं वाटतं, पण गावात बसून अवजार दुरुस्त करता येण्याची खरी सुरुवात इथून झाली.

निवडुंगाचं माळरान

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं तोच दुसरं संकट आलं. बेळगावात नगरपालिकेला वर्कशॉपची जागा हवी होती. बसलेलं बस्तान उठवायची वेळ आली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले.

माळ म्हणजे कसा? निवडुंग, दगड आणि साप. पाण्याची टंचाई. १९१० साली लक्ष्मणराव, पत्नी राधाबाई, रामूअण्णा आणि २५ च्या आसपास कामगार तिथे उतरले. आधी निवडुंग तोडला, तात्पुरते निवारे उभे केले, मग भट्टी पेटवली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी जिवाला जीव देणारी माणसं सोबत होती. जांभेकर तर अडलेलं कुठलंही यंत्र चालू करून देणारे. तीच ही किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता. ज्यांच्यावर चोर-दरोडेखोर असा शिक्का बसलेला, शिक्षा भोगून आलेली अशी माणसंही लक्ष्मणरावांनी राखणीला ठेवली. त्या काळात हे पाऊल लोकांना वेडेपणाचं वाटलं. पण माणूस कामाला लावला आणि त्याच्यावर विश्वास टाकला की तो बदलतो, यावर त्यांची श्रद्धा होती.

तोफांचे झाले नांगर

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी माल यायचा बंद झाला, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंड आणि कोळसाही मिळेना. मागणी आहे आणि भट्टीत टाकायला काही नाही. अशा वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. किल्ल्यावर गंजत पडलेलं लोखंड शेतकऱ्याच्या रानात उतरलं.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं, तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरांत गेलं. नांगरामागोमाग उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप, इंजिनं असं एकेक येत गेलं. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी पसारा वाढवला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचं दिवाणपदही सांभाळलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

विहिरीवरून ट्रॅक्टरपर्यंत

किर्लोस्करवाडीत नांगर ओतले जात होते तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मोकळा झाला. रानात वीज पोचायला त्यानंतरही कितीतरी वर्षं लागली. त्या काळात मोटेच्या जागी विहिरीवर डिझेल इंजिन बसलं आणि कोरडवाहू रानाचा एखादा तुकडा बागायत झाला. पाण्याला लावायचं, तेच काढून कडबा कुट्टीला पट्ट्यावर जोडायचं, असं एकाच इंजिनाने घर चालवलं.

ट्रॅक्टर आला तोही याच वाटेने. १९८५ साली पंजाबात मोहालीला स्वराज ट्रॅक्टरची इंजिनं बनवणारी स्वतंत्र कंपनी निघाली, तिला तंत्रज्ञान दिलं ते किर्लोस्कर ऑईल इंजिन्सने. लक्ष्मणराव तेव्हा हयात नव्हते. पण विहिरीवरचं इंजिन ज्याने खोललं त्याला ट्रॅक्टरचं बॉनेट उघडायची भीती वाटली नाही.

आज सीताफळाच्या, मोसंबीच्या बागेत दोन ओळींमधून जायला छोटा ट्रॅक्टरच लागतो. नवा घ्यायचा तर कर्ज. म्हणून जुना सांभाळण्याला मोल आहे, आणि त्यातलं बरंचसं काम घरी होतं.

वर्षभर उभ्या राहिलेल्या इंजिनाला थेट हॅन्डल किंवा स्टार्टर मारू नये. आधी सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीचं पोळं, वायरिंगला उंदराने लावलेले दात, हे बघावं. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसतो, तो सोडून द्यावा. डिझेल फिल्टर बदलावा आणि पाईपात अडकलेली हवा नट ढिला करून काढावी. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की नट आवळावा. सम्पमधलं ऑईल बदलावं, एअर फिल्टरच्या वाटीतलं ऑईल आणि माती साफ करावी.

पिस्टन गंजून जाम झाला असेल तर घण मारायचा नाही. नोझल काढून त्या भोकातून थोडं डिझेल सोडायचं, चार दिवस मुरू द्यायचं आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू मागे-पुढे हलवायचं. घाई केली की रिंग मोडते आणि शंभराचं काम हजारावर जातं.

धूरही बोलतो. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजल्या, ऑईल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेडमधून पाणी आत जातंय. डिझेल पंपाची सेटिंग मात्र घरी करू नये. ती मशीनवर तपासावी लागते, तिथे जाणता मिस्त्रीच हवा. आणि फिरत्या पट्ट्याजवळ धोतर, पदर किंवा मफलर सैल सोडून कुणी जाऊ नये. गावोगाव अशा अपघातांनी माणसं अधू झालेली आहेत.

भंगारात घालण्याआधी

यंत्र बंद पडलं की आता फोन करायचा, नाहीतर किलोच्या भावाने विकून टाकायचं, असं होत चाललंय. नव्या ट्रॅक्टरच्या हप्त्यापायी ऊसतोडीची उचल घेणारी घरंही आपल्याच जिल्ह्यात आहेत. जुनं सगळंच चांगलं, असं नाही. खर्च परवडत नसेल तर सोडून द्यावंच लागतं. पण ते ठरवायच्या आधी एकदा खोलून बघायला काय हरकत आहे?

ज्याला रंग ओळखता येत नव्हते त्याने यंत्र ओळखलं. ज्याचे नांगर दोन वर्षं पडून होते त्याने भट्टी विझू दिली नाही. लक्ष्मणरावांची जयंती हार घालून साजरी होईलच. त्याबरोबर शेडमधल्या जुन्या इंजिनावरचं पोतं बाजूला करून, घरातल्या शिकत्या पोराच्या हातात पाना दिला, तर ती जयंती रानातही साजरी होईल. पेरणीला अजून दोन-चार दिवस आहेत. वापसा येईपर्यंत तेवढं काम होऊन जातं.