सहा महिन्यांच्या बाळाला काय द्यायचं? डाळ आणि दुधातली प्रथिनं तपासणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

बाळ सहा महिन्यांचं झालं की वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत उष्टावण होते आणि मऊ वरणभात सुरू होतो. तूर इथलीच, डाळही अकोल्याच्या मिलमधली. त्याच सुमारास मेडिकलच्या काउंटरवर दुसरा प्रश्न उभा राहतो: पावडर दुधाचा डबा घ्यायचा का? घेतला तर एक नंबरचा की दोन नंबरचा?

या प्रश्नाचं उत्तर डब्यावरच्या नावात नाही. ते आतल्या घटकांत आहे. रोजच्या अन्नात नेमकं काय असतं, हे प्रयोगशाळेत शोधण्यात एका मराठी बाईचं आयुष्य गेलं. त्यांचं नाव कमला सोहोनी.

प्रवेश नाकारला, पण त्या हटल्या नाहीत

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आल्यावर कमलानेही तिथेच अर्ज केला.

तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. कमला बंगळुरूला गेली आणि प्रवेश मिळेपर्यंत हटायचं नाही, असं ठरवून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं. मुलग्यांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. मात्र त्यांचं काम पाहिल्यावर रामन यांनी संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

दूध आणि डाळ

बंगळुरूला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. विषय साधा वाटतो, पण ज्या देशात गरीब घरातल्या मुलांची प्रथिनांची गरज मुख्यतः डाळीवर भागते, तिथे तो पोटाचाच प्रश्न होता. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. नंतर केंब्रिजला जाऊन वनस्पतींमधल्या ‘सायटोक्रोम सी’वर संशोधन केलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा.

तिथेच राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबई. १९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या आणि त्यांचे विद्यार्थी भारतीय कडधान्यांतल्या ‘ट्रिप्सिन इन्हिबिटर’वर काम करू लागले.

ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं पोटात जाऊनही पुरती पचत नाहीत. पाण्यात नीट शिजवल्यावर हे घटक बऱ्याच अंशी निकामी होतात. बाळाची डाळ गिच्च शिजवण्यामागे हे कारण आहे.

पुढे त्यांनी नीरेतल्या पोषक घटकांवर संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुली आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो, हे दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दर्जाबाबत सल्ला दिला. तरीही विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना उशिराच मिळालं.

मग डबा कोणता घ्यायचा?

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत उतरल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्या लोकांना शिकवायच्या. घ्यायच्या आधी तपासा, ही त्यांची शिस्त आजही कामाची आहे.

• सहा महिन्यांनंतरही आईचं दूध सुरूच ठेवायचं, दोन वर्षं किंवा त्यापुढेही. वरचं खाणं हे त्याच्या जोडीला असतं.

• आईचं दूध मिळत नसेल किंवा पुरत नसेल, तरच डॉक्टरांना विचारून पावडर दूध द्यायचं. सहा महिने झाले म्हणून दोन नंबरचा डबा घ्यायलाच हवा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते असं ‘फॉलो-अप’ दूध गरजेचं नाही.

• पावडर डब्यातल्याच चमच्याने मोजायची. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवलं, तर बाळ उपाशी राहतं.

• आईच्या दुधाच्या तुलनेत म्हशीच्या दुधात प्रथिनं तिपटीहून जास्त, आणि त्यातून बाळाला लोह मात्र पुरेसं मिळत नाही. म्हणून वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

• नुसतं डाळीचं वरचं पाणी देऊ नका. प्रथिनं खाली डाळीतच राहतात. घोटलेलं घट्ट वरण द्या.

१९९२ च्या कायद्यानुसार भारतात बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. म्हणजे वाचायला उरतं ते लेबल: वयोगट, घटक, मुदत.

कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या. ज्या डाळीचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, ती अकोला-अमरावतीच्या प्रत्येक घरात आहे. ती नीट शिजवून, घोटून बाळाच्या वाटीत गेली पाहिजे.